सेहेचाळीस गुण

"पेशी म्हणजे काय?" आबामामांनी विचारलं.

वैजू पोह्यांचा ट्रे घेऊन नुकतीच बाहेरच्या खोलीत आली होती. नवी साडी, गळ्यात आईचा टप्पोऱ्या मण्यांचा सर, ट्रेमध्ये बशा गच्च भरलेल्या, आणि पहिलाच प्रश्न हा. बशा किणकिणल्या. पण माझी धाकटी बहीण डगमगली नाही.

"पेशी हा सजीवांच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक आहे," ती एका दमात म्हणाली.

"शाबास. आणि केंद्रक?"

"ते पेशीत असतं. ते..." वैजूनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "ते सगळ्यांवर लक्ष ठेवतं."

"तुमच्या घरात कोण ठेवतं सगळ्यांवर लक्ष?"

"आई."

"हां! म्हणजे नुसतं पाठांतर नाही. समजलंय."

"समजलंय," शेजारी बसलेले नानामामा म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी उचलली.

हे सगळं कऱ्हाडच्या आमच्या भाड्याच्या घरात घडत होतं, आणि कार्यक्रम होता वैजूला बघण्याचा. आता 'बघण्याचा' म्हणायचं ते रीत म्हणून. नवरामुलगा विद्याधर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, वैजू तिथेच हिशेबखात्यात. दोघांनी एकमेकांना बघून बघून पुरेसं बघितलं होतं. अडचण एवढीच होती की विद्याधरचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते आणि त्याला वाढवलं होतं फलटणच्या या दोन मामांनी. दोघेही बिनलग्नाचे. "मामा नाही म्हणाले तर मी त्यांच्याविरुद्ध जाणार नाही," असं त्यानं वैजूला आधीच सांगून ठेवलं होतं. वैजूला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडला होता, आणि त्याच प्रामाणिकपणापायी आठवडाभर तिला जेवण जात नव्हतं.

मामा विज्ञानाचं विचारतात हेही त्यानंच कळवलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे घोकंपट्टी माझ्याकडे आली. (माझं स्वतःचं लग्न हा विषय आमच्या घरी तोवर मिटला होता. मीच मिटवला होता.)

मामा जुळे होते. एकच टक्कल, एकच मिशी, एकसारखे राखाडी सफारी. फरक कळायचा तो तोंड उघडल्यावर. आबामामा बोलायचे आणि नानामामा त्यातला शेवटचा शब्द परत म्हणायचे. आबामामा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. कृत्रिम रेतन केंद्रावर त्यांनी गावोगावच्या गाईंना जर्सीची वासरं मिळवून दिली होती आणि त्या कामात त्यांना आनुवंशिकतेचं असं काही वेड लागलं होतं की माणूस दिसला की ते त्याच्या मागे उभे असलेले आजे-पणजे शोधायचे.

"आम्ही दोघं एकाच पेशीचे," ते दारातून आत येता येताच म्हणाले होते. "एकाच पेशीचे दोन भाग झालो. याच्यात जे आहे ते माझ्यात आहे. मधे काडीचाही फरक नाही."

"नाही," नानामामा म्हणाले होते.

आता प्रश्नोत्तरं झाल्यावर माझे वडील, अण्णा, हळूच म्हणाले, "पत्रिका काढून ठेवलीय. आणू का?"

अण्णा एसटीच्या बुकिंगच्या खिडकीत होते. कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला तर तेच "माफ करा" म्हणायचे. त्यामुळे एवढं बोलले हेच खूप झालं.

"पत्रिका राहू द्या, अण्णासाहेब. छत्तीस गुणांचा जमाना गेला. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात सेहेचाळीस. तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून. आम्ही सेहेचाळीस बघतो."

"सेहेचाळीस," नानामामा म्हणाले.

"दहा जास्तच की," आमच्या शेजारच्या गोखलेकाकू माझ्या कानात पुटपुटल्या. त्या पोहे करू लागायला म्हणून आल्या होत्या, आणि पोहे संपले तरी त्या जाणार नव्हत्या. आमच्या घरात काय झालं ते आळीला सांगायची जबाबदारी त्यांनी वर्षानुवर्षं निभावली होती.

आबामामांनी पिशवीतून पितळी मुठीचं एक भिंग काढलं. आधी वैजूच्या कानाची पाळी बघितली. ती सुटी होती. मग अण्णांची, मग माझी. पडद्याआड उभ्या असलेल्या आईला त्यांनी "वहिनी, जरा उजेडात या" म्हणून बोलावलं आणि तिच्या पाळ्या तर दोन्ही बाजूंनी बघितल्या. अंगठे मागे वाकवून झाले. कपाळावरच्या केसांचं टोक मधोमध खाली येतं का ते बघून झालं. गोखलेकाकूंनी कुणी न विचारता आपला अंगठा पुढे केला, तोही तपासला गेला आणि उत्तम निघाला. विद्याधर बिचारा पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत बसला होता.

"छान आहे वंश," आबामामा म्हणाले. "स्वच्छ आहे. आता शेवटचं. सगळ्यांनी जिभा बाहेर काढा."

कुणी हललं नाही.

"लाजायचं काय त्यात? जीभ बाहेर काढायची आणि दोन्ही कडा वर वळवायच्या. अशी." आणि त्यांनी जीभ काढून तिची सुरेख पन्हळ करून दाखवली. "वळणं हा प्रभावी गुण. न वळणं अप्रभावी. हं, चला."

मुलाकडच्यांनी सांगितलं की करायचं, एवढंच आमच्या घराला माहीत होतं. आम्ही जिभा काढल्या. अण्णा, आई, वैजू, मी, विद्याधर, गोखलेकाकू, सगळे भिंतीला टेकून रांगेत, जिभा बाहेर, डोळे आपापल्या नाकाच्या शेंड्यावर. नेमका त्याच वेळी वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला दारात आला. त्यानं आमच्याकडे बघितलं, मीटरकडे बघितलं, आकडा लिहून घेतला आणि एकही शब्द न बोलता निघून गेला. पुढे वर्षभर त्यानं आमचं रीडिंग बाहेरूनच अंदाजानं टाकलं असं अण्णांचं म्हणणं होतं.

माझी जीभ वळली नाही. ती कधीच वळत नाही, दरवर्षी वर्गात मुली मला हसतात. आईनं खूप जोर लावला, तिचे गाल लाल झाले, पण जीभ आपली सपाट. अण्णांची तर पोळपाटासारखी. आणि वैजूची? वैजूची वळली. अगदी गोल नळी झाली. लहानपणी ती त्यातून पाण्याची पिचकारी मारायची.

आबामामा भिंग घेऊन अण्णांपाशी थांबले. मग आईपाशी. मग वैजूपाशी. मग परत अण्णांपाशी गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह हळूहळू उतरला. त्यांना काय दिसलं ते मला कळलं, कारण त्या खोलीत त्यांच्याखेरीज हे गणित फक्त मला माहीत होतं. पुस्तकात होतं ते. मी फळ्यावर चौकट आखून शिकवायची. प्रभावी जनुक आईबापांपैकी एकाकडे तरी असेल तरच मुलात येतं. दोघांकडे नसेल तर मुलात येत नाही.

"आत घ्या जिभा," आबामामा म्हणाले. सगळ्यांनी घेतल्या. ते खुर्चीत बसले, भिंग पुसलं, आणि अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाले, "वहिनींकडे नाही. अण्णासाहेबांकडे नाही. मग मुलीत कुठून आलं?"

"आलं," म्हणायला नानामामांनी तोंड उघडलं, पण त्यात पोहे होते.

"म्हणजे?" वैजूनं विचारलं.

"म्हणजे काही नाही, बाळ. आमच्या केंद्रावर असं एखादं वासरू निघालं, की आम्ही आधी वळूचा नंबर तपासायचो."

गोखलेकाकूंच्या हातातला चमचा अधांतरी राहिला. त्यांना जनुक-बिनुक काही कळत नव्हतं, पण वळू कळत होता.

आणि तेव्हा अण्णांनी आईकडे बघितलं.

फार वेळ नाही बघितलं. एखाद्यानं घड्याळाकडे बघावं तेवढंच. पण आईनं ते बघणं बघितलं. मग अण्णांनी मान खाली घातली आणि बशीतले शेंगदाणे एका बाजूला करायला लागले.

मला वाटलं आता ते बोलतील. मी वाट बघितली, वैजूनं वाट बघितली, आईनं तर श्वास धरला होता. अण्णांनी एक शेंगदाणा उचलून खाल्ला.

"मामा, पुरे आता," विद्याधर म्हणाला. आवाज इतका बारीक की तो भिंगातूनच बघावा लागला असता.

"मला त्रास होतोय म्हणूनच विचारतोय रे. मुलगी सोन्यासारखी आहे. पण शास्त्र हे शास्त्र. उज्ज्वलाताई, तुम्ही शिकवता. तुम्हीच सांगा, पुस्तकात काय लिहिलंय?"

"लिहिलंय तसंच," मी म्हणाले. "पण ते इतकं सरळ नसतं."

"मग पुस्तकात कसं आलं?"

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोर आईचा चेहरा होता. इतक्या वर्षांचा संसार, आणि कुणीतरी पितळी भिंगानं तिची अब्रू तपासतोय, आणि तिच्या हातात झारा नाही याचंच मला वाईट वाटलं.

तेवढ्यात नानामामांचा घास संपला. तोंडात पोहे होते म्हणून मघाशी त्यांना रांगेत भाग घेता आला नव्हता. शिस्तीचा माणूस. त्यांनी रुमालानं मिशी पुसली, ताठ बसले, आणि सांगितल्याप्रमाणे जीभ बाहेर काढली.

सपाट. अण्णांच्याहून सपाट.

"नाना, वळव," आबामामा म्हणाले.

नानामामांनी जोर लावला. कान हलले, भुवया वर गेल्या. जीभ तशीच.

"वळव की!"

"नाही वळत, आबा," नानामामा जीभ आत घेऊन म्हणाले. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं असं हे पहिलंच वाक्य. "लहानपणापासून नाही वळत."

"मला कधी बोलला नाहीस ते?"

"तू कधी विचारलं नाहीस."

कॉलेजात आमच्या सरांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की हुबेहूब जुळ्यांतही एकाची वळते आणि दुसऱ्याची नाही असं सापडलेलं आहे. पण ते परीक्षेला नव्हतं, त्यामुळे कुणी लिहून घेतलं नाही. ते मला आठवलं ते तेव्हा, नानामामांची जीभ बघून.

"आबामामा," मी म्हणाले, "तुम्ही एकाच पेशीचे ना? सेहेचाळीसच्या सेहेचाळीस सारखी?"

"हो."

"मग तुमची वळते आणि यांची नाही, हे कसं? आता कोणाचा नंबर तपासायचा?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. आबामामांनी नानामामांकडे बघितलं, जणू आरशात बघावं आणि आरशानं मान फिरवावी. मग त्यांचे डोळे भरून आले.

"आमची आई होती हो," ते म्हणाले. "चुलीपुढून उठायची नाही. देवमाणूस."

"देवमाणूस," नानामामा म्हणाले.

"सगळ्यांचीच असते," मी म्हणाले.

आबामामा उठले. भिंग पिशवीत टाकलं, आईपुढे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. "वहिनी, चुकलो मी. शास्त्र म्हणून बोललो, पण बोललो ते घाण. मुलगी आम्हाला पसंत आहे. आमच्या मुलाला पदरात घ्या."

"पोहे घ्या अजून," आई म्हणाली आणि आत गेली.

जाताना आबामामांनी मला दारात गाठलं. "ताई, हे असं जर आहे, तर पुस्तकात ते कशाला घातलंय?"

"शिकवायला सोपं जातं म्हणून," मी म्हणाले. त्यांनी बराच वेळ मान हलवली.

लग्न ठरलं, झालंही. वैजू आनंदानं सासरी गेली. गोखलेकाकूंनी आळीत ही कथा अशी सांगितली, की मुलाकडच्यांनी हुंड्याऐवजी जिभा मागितल्या.

पण आमच्या घरात आई अण्णांशी बोलायची थांबली. भांडली नाही, रुसली नाही. पोळ्या गरम वाढायची, शर्टाची बटणं लावून द्यायची. फक्त त्यांच्याशी बोलायची ते माझ्यामार्फत. "उजू, त्यांना सांग पाणी तापलंय." अण्णा समोरच उभे असायचे. मी सांगायची, "अण्णा, पाणी तापलंय." अण्णा म्हणायचे, "सांग तिला, आलो." तिघांच्या घरात मी टेलिफोन एक्स्चेंज झाले होते.

अण्णांना वाटलं, सगळं त्या जिभेनं बिघडवलंय.

"उजू, वळायला शिकता येतं का गं?" त्यांनी मला एकदा हळूच विचारलं.

"काहींना येतं म्हणतात."

झालं. त्या दिवसापासून ते दाढी करताना आरशासमोर जीभ काढून उभे राहायला लागले. फेस वाळून जायचा, कामावर जायची वेळ व्हायची, पण यांचं चालूच. बुकिंगच्या खिडकीतही सराव चालायचा म्हणे. लोक "साताऱ्याची दोन द्या" म्हणून आत वाकून बघायचे तर कारकून जीभ काढून बसलेला. एका बाईंनी तक्रार केली. साहेबांनी बोलावून विचारलं तर अण्णा म्हणाले, "घरगुती कारण आहे."

दिवाळसणाला वैजू, विद्याधर आणि दोन्ही मामा आले. पाहुणे बाहेरच्या खोलीत फराळाला बसले होते. मी स्वयंपाकघरात आईला चहाचे कप काढून देत होते. तेवढ्यात अण्णा आत आले. घाम आलेला, डोळे चमकत होते. काही न बोलता ते आईसमोर उभे राहिले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली.

वळली होती. जरा वाकडी, डावी कड उजवीपेक्षा वर, पण वळली होती.

आईनं गॅस बारीक केला. पदराला हात पुसले आणि नीट निरखून बघितलं. "चांगली वळलीय," ती म्हणाली. मला सांगितलं नाही तिनं, सरळ त्यांना म्हणाली. "आता आत घ्या."

अण्णांनी घेतली. "म्हणजे बघ, ते वैजूत आलं ते माझ्याकडूनच..."

"वळत नव्हती म्हणून मी रागावले होते असं वाटलं तुम्हाला?" आईचा आवाज चढला नाही, पण मला कप खाली ठेवावासा वाटला. "त्या माणसानं माझ्यावर नाही नाही ते आळ आणले, आणि तुम्ही शेंगदाणे निवडत बसलात. पोरगी बोलली. तो घास खाणारा माणूससुद्धा बोलला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. वर माझ्याकडे बघितलंत."

चहाला आधण आलं.

"काय बोलायला हवं होतं मी?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? ते बाहेर बसलेत. त्यांना सांगा."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मुलाकडची माणसं, त्यात दिवाळसण, त्यात ज्यांनी आयुष्यात कंडक्टरलाही उलट उत्तर दिलं नाही असे आमचे अण्णा. मला वाटलं ते मोरीत जाऊन तोंड धुतील. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि बाहेर गेले. आम्ही दोघी पडद्याशी आलो.

आबामामा चकली खात होते. अण्णा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"आबासाहेब," ते म्हणाले, आणि मग आवाज असा काही मोठा लागला की गोखलेकाकूंच्या घरातलं बोलणं थांबलं, "वैजू माझी मुलगी आहे! आणि माझ्या बायकोबद्दल असं बोलायचं असेल तर माझ्या घरातून चालते व्हा!"

विद्याधरच्या हातून लाडू पडला. वैजू उठून उभी राहिली. आबामामांनी चकली बशीत ठेवली आणि फार शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. हे तुम्ही तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"तेव्हाच," नानामामा म्हणाले.

आणि दोघे मामा एकदमच उठले, एकदमच दाराशी गेले आणि चपला शोधायला लागले. अण्णांना पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. एवढंच त्यांनी ठरवलेलं होतं.

तेव्हा आई पडदा बाजूला करून बाहेर आली. हातात चहाचा ट्रे होता आणि मान अशी ताठ की मी तिला तशी कधी बघितली नव्हती.

"बसा हो, आबासाहेब," ती म्हणाली. "तुम्ही मनावर घेऊ नका. आमचे हे असेच आहेत. तोंडाचे फार फटकळ."